बारीक अक्षर

दवाखान्यातल्या बाईंनी कागदावर लिहून दिलं,
सातनंतर काही खायचं नाही.
सातला तर माझी पहिली पंगत बसते, म्हटलं.
त्या हसल्या. मशीनवर उभं केलं अनवाणी.
मशीन म्हणे नुसती चरबी मोजतं,
हाडं सोडून, रक्त सोडून.
एक्केचाळीस टक्के.
म्हणजे शंभरातली एक्केचाळीस मी
मी नव्हेच.

दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ माझी खाणावळ.
पाटी तीनदा रंगवली.
दर खेपेला कन्नड मोठं झालं, मराठी खाली सरकलं,
आता चष्म्याशिवाय वाचता येत नाही
सौ. भागीरथी कंग्राळकर.
रंगाऱ्याला म्हटलं, अक्षरं बारीक करतोस तसं
मला पण कर की रे जरा.
तो म्हणाला, अक्का, त्याला वरून आदेश यावा लागतोय.

साडेदहाला शेवटचं पोर हात धुतं.
मग मी आणि पातेली.
येळ्ळूरचा भात, तळाशी लागलेला.
एण्णेगाईचं एक वांगं, देठासकट.
शेंगाचटणीच्या डब्यातून फिरवून आणलेली भाकरी.
उभ्यानं, ओट्याला टेकून.
भूक असतेच असं नाही.
टाकवत नाही, एवढंच.
वीरेश तापानं पडला, त्याचा भात.
कुडाळच्या ओंकारला घरून कसलासा फोन आला,
तो आलाच नाही, त्याची आमटी.
एक पोरगा प्रेमात पडला तेव्हा
महिनाभर त्याचं ताट मी जेवले.
बावीस वर्षं जे आले नाहीत
ते सगळे माझ्या कमरेला येऊन बसलेत.
त्यांना आता उठा कसं म्हणायचं?

तरी पाळलं. खोटं नाही सांगत.
सातला वाढता वाढता एक काकडी, वाटीभर ताक,
उरलेलं गेटमनला नाहीतर गल्लीतल्या गाईला.
अकराला पोटात गुरगुर सुरू व्हायची,
मी उशी पोटाशी धरून
भिंतीवरच्या पालीशी बोलायची.
रात्री बाराला कोण खाऊ शकतं बघा,
तिला कुणी कागद दिलेला नाही.

मग एका रात्री शटरवर थाप.
पावणेबारा. तवा धुऊन पालथा घातलेला.
बिदरकडचा पोरगा, हॉस्पिटलातून थेट,
गळ्यात अजून ते ऐकायचं यंत्र, डोळे आत गेलेले.
काही विचारलं नाही. गॅस लावला.
पिठात पाणी पडलं तसा माझ्याच तोंडाला पाणी सुटलं,
लाज वाटली.
दोन भाकऱ्या त्यानं मान वर न करता खाल्ल्या.
तिसरी मोडताना थांबला,
अक्का, निम्दु ऊट आयता?

जेवलास काय रे,
हे मी दिवसातून चाळीसदा म्हणते.
मला कुणी म्हटलेलं
कुठल्या भाषेत म्हटलेलं, तेही आठवेना.

आयतु, म्हटलं.
कन्नडमध्ये खोटं सोपं जातं,
उसन्या चपलेनं चिखल तुडवल्यासारखं.
पण डॉक्टर होणारा पोरगा.
खोटं ओळखायला त्यांना शिकवत असतील.
बोलला काही नाही.
बाकावर जरासा सरकला.

मी बसले.
माझ्याच खाणावळीत, पहिल्यांदा, गिऱ्हाइकाच्या बाजूला.
तिथून ओटा दिसतो, पिवळा बल्ब दिसतो,
आणि दोघांच्या मध्ये एक जागा
जिथं रोज कुणीतरी उभं असतं.
एक भाकरी. थोडी चटणी. सावकाश.
मालगाडी गेली, पेले किणकिणले,
आम्ही दोघंही ती जाईपर्यंत चावायचे थांबलो,
का, कुणास ठाऊक.

सकाळी काटा तीनशे ग्रॅम वर.
कागद फ्रिजवर आहे अजून.
सातनंतर काही नाही.
त्याच्या खाली थोडी जागा होती,
तिथं मी बारीक अक्षरात लिहून ठेवलं,
बसून.
त्याखाली:
काकडी दोन किलो, ताकाला दही,
बाकाचा एक पाय हलतोय, सुताराला फोन.